साडेतीन मीटरची बचत

माझा धाकटा भाऊ शिंपी आहे आणि गल्ली त्याला ‘पाव मीटर’ म्हणते. कुणाच्याही शर्टात तो पाव मीटर कापड वाचवून दाखवतो, म्हणून. हे नाव त्याला पदवीसारखं वाटतं. निवृत्त झाल्यापासून मी त्याच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो, मापांची वही लिहितो आणि उरलेल्या वेळात वाचतो. शिवणातलं मला काही कळत नाही. बाकीच्या गोष्टींबद्दलही मी ठामपणे बोलावं असा माझा वकूब नाही. पण त्या आठवड्यात मी जे पाहिलं तो शुद्ध गाढवपणा होता, एवढं म्हणायला हरकत नसावी.

एका इस्पितळाला नर्सेससाठी कोट हवे होते. त्यांनी आम्हाला आणि समोरच्या दुकानाला एकेक तागा दिला. सोमवारी सकाळी कापड, गुरुवारी दुपारी बाराला चाळीस कोट. जो वेळेत देईल त्याला वर्षभराचं काम. उरलेलं कापड शिंप्याचं, ही धंद्यातली रीत.

पुतणीचं सगळं या कामावर अडकलं होतं. दुकानात सगळ्यात सफाईदार हात तिचा. दूरच्या गावातल्या कपड्यांच्या कारखान्यानं तिला बोलावलं होतं आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं. तिला घर सोडायचं नव्हतं.

“हे काम मिळालं तर मी इथेच राहते, काका,” ती मला म्हणाली होती. “नाही मिळालं तर माशा मारत किती दिवस बसू?”

तागा टेबलावर आला. एरवी कुणीही शिंपी थरावर थर रचतो, एकदा खडूनं आखतो आणि दुपारपर्यंत कापून मोकळा होतो. आमच्या शिंप्यानं एकच पदर पसरला आणि कागदाचे साचे त्यावर सरकवत बसला. बाही उलटी फिरवली की तिच्या बगलेत खिसा बसतो, हा शोध त्याला संध्याकाळी लागला. नवा ग्रह सापडावा तसा त्याचा चेहरा उजळला.

“बाबा, थर लावून कापा ना,” पुतणी म्हणाली. “तिन्ही मशिनं रिकामी बसलीत.”

“बसू देत. रिकाम्या मशिनाला काय खायला लागतं? उलट वीज वाचतेय.”

“मग आम्हालाही बटण दाबून बंद करा,” काजं करणाऱ्या मावशी म्हणाल्या.

“मावशी, घाई कुणालाही जमते. बेतायला डोकं लागतं. फुकट मिळणारं कापड सोडू होय?”

फुकट! त्या फुकटच्या कापडापायी तीन माणसांचा सोमवार गेला. मंगळवारही गेला. टेबल अडलेलं, म्हणून रोजची गिऱ्हाइकंही परत गेली. त्याला मात्र गेलेलं काहीच दिसेना, कारण गेलेल्या दिवसाची चिंधी खाली पडत नाही. मी थोरला असून तोंड उघडलं नाही. आपल्याला त्यातलं काय कळतं, ही सबब माझ्याकडे कायम इस्त्री करून ठेवलेली असते.

बुधवारी दुपारी शेवटचा कोट कापून झाला. उरलेलं कापड त्यानं तीनदा मोजलं. साडेतीन मीटर. गुरुवारी बारा वाजता शिवून झालेले कोट मी मोजले. सव्वीस.

इस्पितळाचा स्टोअरकीपर दारातच थांबला. “समोरच्यांनी अकरालाच दिले, मास्तर.”

“त्यांच्याकडे गोणीभर चिंध्या निघाल्या असतील. माझ्याकडे बघा!” भावानं कापडाची घडी पुढे केली.

“छान आहे,” स्टोअरकीपर म्हणाला. “पण नर्सेसना ही घडी कशी घालू?”

तो गेल्यावर पुतणीनं तिथेच उभं राहून कारखान्याला फोन लावला. “येते,” एवढंच म्हणाली. मग गळ्यातली टेप काढून पिशवीत ठेवली.

भावानं कापडाची घडी परत टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता तरी डोक्यात उजेड पडेल.

“तिकडे बेतायला कोण आहे?” त्यानं विचारलं.

“कापायचं मशीन आहे, बाबा. शंभर थर एका दमात.”

“आणि उरलेलं कापड?”

“पोत्यात भरून फेकतात.”

मुलगी जाते म्हणाली तेव्हा कोरडे राहिलेले त्याचे डोळे आता भरून आले.

“सगळं?” तो म्हणाला.