डाव्या डोळ्याचे सहा महिने

मार्गशीर्षातले ऊन. कोवळे, केशरवर्णी, गवताच्या पात्यापात्यावर रेंगाळणारे. टेकडीवरून ते सावकाश उतरते, पायथ्याच्या संशोधन संस्थेच्या काचांवर टेकते आणि खोलीखोलीतून हिंडू लागते.

शेवटच्या खोलीत मात्र त्याला मज्जाव. तिथे काळे पडदे, तिथे पाळलेला काळोख. त्या काळोखात डॉ. कौमुदी सोनटक्के सूक्ष्मदर्शकावर ओणवलेली असते आणि तिच्यासमोर, कवटीत बसवलेल्या काचेच्या खिडकीतून, एका इवल्या उंदराचा मेंदू उजळत असतो.

मेंदूवरचा तो सायीसारखा पातळ थर. त्यात हिरव्या तेजाने झळकणाऱ्या चेतापेशींच्या फांद्या, फांद्याफांद्यांवर अंकुर. अंकुर जिथे शेजारणीला भिडतो ती चेतासंधी. एका पेशीचे गूज दुसरीला कळते ते तिथेच. उंदराचा एक डोळा काही दिवस झाकायचा, मग उघडायचा, आणि कोणते अंकुर गळाले, कोणते नव्याने फुटले ते मोजायचे. बारा वर्षे कौमुदीने हेच केले.

तिचे म्हणणे साधे होते. वाट वापरली तर रुळते, न वापरली तर तिच्यावर गवत माजते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी वाटही तशीच. आणि ती रुळण्याचे दिवस असतात, बाळपणाचे, मोजके. ते सरले की डोळा निरोगी असूनही मेंदू त्याचे ऐकत नाही.

अशाच एका उजळ दुपारी रुंजीच्या शाळेतून फोन आला.

रुंजी कौमुदीची एकुलती एक लेक, आठ वर्षांची. घरात दोघीच. शाळेत डोळे तपासायला नर्सबाई आल्या होत्या. त्यांनी रुंजीच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केले. रुंजीने पाहिले, पुन्हा पाहिले आणि अगदी निरागसपणे विचारले, "बाई, अक्षरं कुणी पुसली?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जिने झाकलेल्या डोळ्यांचा एवढा अभ्यास केला, तिच्याच घरात एक डोळा उघडा राहून झोपला होता. तिरळेपणा नाही, लाली नाही, तक्रार नाही. डाव्या डोळ्याचा नंबर भलताच मोठा होता, इतकेच. उजवा सगळे पाहत होता, म्हणून डाव्याची वाट गवताखाली गेली होती. कौमुदीला स्वतःची लाज वाटली, अशी लाज की तिला लेकीच्या चेहऱ्याकडे बघवेना.

डोळ्यांचे डॉक्टर घैसास म्हातारे, मृदू बोलणारे. "सहाव्या वर्षी आणली असतीत तर मी पेढे मागितले असते," ते म्हणाले. "आता उशीर झालाय. दार लोटलंय, पण कडी लागलेली नाही. चष्मा द्या, चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावा. सहा महिने बघू. तोवर नाही जागा झाला, तर मग तो तसाच राहील."

पुढे काय, हे कौमुदीने विचारले नाही. तिला ते सर्वांत नेमके ठाऊक होते.

आणि मग शास्त्रज्ञ कामाला लागली. रोज चार वाजता उजव्या डोळ्यावर पट्टी. रोज दोन तास, घड्याळ लावून. भिंतीवर अक्षरांचे तक्ते, समोर खुर्ची, खुर्चीवर रुंजी. मांडीवर नोंदवही घेऊन कौमुदी विचारी आणि लिही, विचारी आणि लिही. पहिली ओळ: दिसत नाही. दुसरी ओळ: दिसत नाही. "आई, सगळं धुकंच आहे गं," रुंजी मुसमुसे. कौमुदी तेही लिहून ठेवी.

पौष असाच गेला. आखडलेला, करडा.

एका संध्याकाळी पट्टी निघाल्यावर रुंजी ती वही चाळत बसली.

"आई, हे सत्तावीस कोण?"

कौमुदीने वाकून पाहिले. अक्षर तिचेच. आधीच्या पानांवर सव्वीस उंदीर होते, एक ते सव्वीस. हाताला सवय. नवे पान उघडल्यावर त्याने वर सत्तावीस घातले होते आणि मालकिणीला विचारलेही नव्हते.

"ती... ती तू आहेस, बाळा."

रुंजी रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने आकड्यावरून बोट फिरवले.

"त्या उंदरांना मग दिसायला लागलं का?"

"काहींना."

"कुठल्या?"

"जे मोठ्या पिंजऱ्यात होते. तिथे शिड्या होत्या, चाकं होती, खेळायला सोबती होते."

"आणि एकटे बसलेले?"

"त्यांना नाही."

"मग मी का गं एकटी बसते?"

शोधनिबंध तिचा, आकडे तिचे, निष्कर्ष तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने लेकीला पोटाशी धरले आणि वही कपाटात टाकली. तक्तेही भिंतीवरून उतरले.

माघ आला, आणि चार वाजता घराला कुलूप लागू लागले. पट्टी लावलेली रुंजी आणि तिचा हात धरलेली कौमुदी टेकडी चढू लागल्या. काटेसावर फुलली होती. निष्पर्ण, उन्नत, आरक्त. "काहीतरी लाल आहे," रुंजी म्हणाली. काय ते तिला कळत नव्हते, पण लाल होते. कौमुदीने खाली पडलेले एक जड, मांसल फूल उचलून तिच्या ओंजळीत ठेवले. लालाला पाच पाकळ्या असतात हे आधी तिच्या बोटांना कळले.

फाल्गुनात पळस. चैत्रात कडुलिंबाची तांबूस, ओलसर पालवी. घरी परतल्यावर सागरगोटे. रुंजी वर उडवी आणि तिचा हात भलतीकडेच झेप घेई. गोटे कपाटाखाली, पलंगाखाली, एकदा तर आमटीत. दोघी पोट धरधरून हसत. कधी मटार सोलणे, कधी तांदूळ निवडणे, कधी सुईत दोरा. दोरा मुळीच जात नसे. नसे तर नसे. कौमुदी काही लिहीत नव्हती.

तरी भीती होती. ती कुठे जाणार? रुंजीच्या डोक्याच्या मागच्या भागात, त्या सायीएवढ्या थरात, एखादा तरी अंकुर फुटत असेल का? हजारो अंकुर मोजलेल्या बाईला तो एक बघता येत नव्हता. तिथे कुठली खिडकी, कुठला सूक्ष्मदर्शक! ती फक्त रोज चार वाजता पट्टी लावी आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवी.

वैशाख. वणव्याचा, पिवळ्याजर्द बहाव्याचा. सहा महिने भरले. उद्या सकाळी डॉक्टर घैसासांकडे जायचे होते.

दुपार कलली. ओसरीवर दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये कैऱ्यांची परात. कौमुदी किसत होती. पट्टी लावलेली रुंजी फोडींना मीठ लावत होती, जीभ बाहेर काढून, मान वाकवून, कामात गढून. किती इवलीशी दिसत होती ती! आठ वर्षांची पोर, आणि उद्या कुणीतरी तिच्या एका डोळ्याचा जन्मभराचा निकाल सांगणार.

कौमुदीला भरून आले. हात कैरीने बरबटलेले, पदर खोचलेला. तिने डोळे पुसले नाहीत. कशाला पुसायचे? रुंजीचा पाहता डोळा बंद होता. समोर फार तर एक पिवळी साडी, एक सावळा गोल चेहरा, तोही पुसट. पाण्याला तर रंगही नसतो. म्हणून तिने सहा महिन्यांचे सगळे मुकाट वाहू दिले. हुंदका नाही, श्वासही नाही.

रुंजीचा हात थांबला.

तिने मान वर केली. जाड भिंगाआडून तो डावा, आळशी, उशिरा उठलेला डोळा आईच्या चेहऱ्यावर स्थिरावला. कितीतरी वेळ स्थिरावला. मग परातीवरून पुढे झुकत तिने खारट बोट उचलले आणि आईच्या गालावर, ओघळत्या थेंबाच्या वाटेत, नेमके टेकवले.

"आई, का रडतेस?"

बोटापाशी थेंब थांबला, फुटला, निथळला. आणि मागून दुसरा आला, अगदी बारीक. तोही रुंजीला दिसला.