भेगांची टाच

"खांब आलाय, जरा डावीकडे सरक," म्हातारा म्हणाला आणि त्याने बायकोचा हात कोपरात घट्ट धरला.

जन्मभर शहरातले पुतळे धुतलेल्या या गृहस्थाने बायकोला त्यांतला एकही दाखवला नव्हता. येत्या रविवारी नेतो म्हणता म्हणता तो निवृत्त झाला आणि तिची नजर गेली. आता तिला उजेड आणि सावली, एवढंच कळे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

म्हणून आज त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. गॅलरीच्या कठड्यावरची लोखंडी वेल, फुटपाथच्या फरशीतले निळे मासे, बंद दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगवलेला चंद्र. ती प्रत्येकाला "हं" म्हणत होती. ते "हं" आपलं मन राखण्यासाठी आहे, हे न कळण्याइतका तो नवरा नवा नव्हता.

चौकातल्या कारंज्याच्या भिंतीला टेकून, पाय दुमडून, दगडी बाई बसली होती. ही त्याची सगळ्यांत लाडकी. बाजूला 'हात लावू नये' अशी पाटी. त्या पाटीपायी त्याने किती लोकांवर डोळे वटारले असतील! आज मात्र इकडेतिकडे बघून त्याने स्वतःच बायकोचा हात त्या दगडी पावलावर ठेवला.

तिची बोटं सावकाश फिरली, मग भिंतीकडच्या दुसऱ्या पावलामागे शिरली. त्या फटीत त्याचा राकट हात कधी गेलाच नव्हता.

"अहो, हिची एकच टाच गुळगुळीत कशी?"

दगड तडकला होता, दरवर्षी आपण सिमेंटने बुजवत आलो, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

"आतल्या टाचेलाही तश्शाच भेगा आहेत. तडा नाही हो तो. दिवसभर उभं राहणारी बाई आहे ही. माझ्या टाचा बघा की."

तो खाली वाकला. आधी दगडी टाच पाहिली, मग चपलेतली. मग त्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि सिमेंट खरवडायला घेतलं.

"ओ काका, पाटी वाचता येत नाही का?" रखवालदार धावत आला.

"येते की," ती म्हणाली. "त्यांनीच लावलीय."

रखवालदार बुचकळ्यात पडून तिथेच उभा राहिला. म्हातारा हळूहळू खरवडत होता, आणि भेग पुढे कुठे वळते ते ती बोटाने दाखवत होती.