थंड पाण्यातली कॉफी

गोळी मधोमध तुटलीच नाही. एक तुकडा मोठा, एक लहान, आणि चिमूटभर भुगा तळव्याच्या घामाला चिकटलेला... न्हाणीघराची कडी लावून इफ्फत तो भुगा बघत उभी होती. मोठा तुकडा घ्यावा की लहान, एवढंच ठरवायचं होतं, पण ठरवायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं — आणि ते अकरालाच संपलं होतं. तिनं मोठा घेतला. भुगाही चाटला. स्टीलच्या पेल्यात कॉफीची पूड थंड पाण्यात बोटानं ढवळली, कारण गरम केली की वास पार ओटीपर्यंत जातो, आणि रमजानच्या दुपारी माणसांची नाकं फार तिखट होतात. गुठळ्यांसकट, काढा प्यावा तशी ती घटाघट प्यायली. चूळ भरली. परत एकदा भरली.

शी! आपल्याच घरात चोरी, तीही कॉफीची, आणि तीही आज.

आज अलिझाचा पहिला रोजा होता. नऊ वर्षांची पोर. पहाटे सहेरीला जेवायला मायलेकी शेजारी बसल्या होत्या तेव्हा तिनं विचारलं, "मम्मी, तूपण माझ्यासोबत पूर्ण ठेवणार ना? प्रॉमिस?" तेव्हाच नाही म्हणायचं. सांगायचं की... काय सांगायचं? तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडाला धरून पांढरे ठिपके दाखवले होते, मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणाले होते. ते नाव नवऱ्याशिवाय, नझीरशिवाय, कुणाला माहीत नव्हतं, आणि नझीर दोहाला. सासूला नुसतं 'नसांचा आजार' एवढंच सांगितलं, तर झुबेदाबी म्हणाल्या, "नसा काय गो, माझ्यापण दुखतात." संपलं! आजाऱ्याला रोजा माफ असतो हे इफ्फतला का ठाऊक नव्हतं? पण माफीसाठी आधी आजारी दिसावं लागतं, आणि ती दिसायची चांगली धडधाकट, गालांवर रंगसुद्धा.

म्हणून रमजानच्या पहिल्या आठवड्यात तिनं शहाणपणा केला होता — थकव्यावरची सकाळची अर्धी गोळी सहेरीला, दुपारची इफ्तारला. झालं काय, तर रात्रभर डोळे टक्क उघडे, आणि दिवसा तांदळाची भाकरी थापता थापता हात परातीतच राहिला... तो आपला हात आहे हे तिला बराच वेळ आठवेना. तेव्हापासून ही कडी आणि हा पेला. थकवा म्हणे! थकवा काम केल्यावर येतो. हे मेलं कामाच्या आधीच येऊन बसतं, ओल्या गोधडीसारखं अंगावर, आणि झोपून उठलं तरी हलत नाही. गोळी आणि कॉफी मिळून जेमतेम दोन तास हाती लागतात. त्या दोन तासांत आज सामोशांचं सारण करायचं होतं. संध्याकाळी शेजारच्या बायका येणार होत्या, अलिझाला हार घालायला.

ती बाहेर आली. मार्चची दीडची वेळ, राजिवड्याच्या खाडीवरून वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

"इतका वेळ आत काय करतंस गो?" तसबीचे मणी न थांबवता झुबेदाबी म्हणाल्या. "पोर बघ कशी मलूल झालीय. बस जरा तिच्याजवळ."

अलिझा लादीवर गाल टेकून पडली होती. ओठ सुकलेले. इफ्फत शेजारी बसली — जरा लांबच, तोंडाला वास येईल म्हणून.

"मम्मी," पोरगी पुटपुटली, "माझे पाय ना, माझे नाहीतच असं वाटतंय. उठायचं म्हटलं तरी रडू येतंय."

तीन वर्षं इफ्फत हेच वाक्य शोधत होती, डॉक्टरांपुढे, फोनवर नझीरपुढे, आणि दर वेळी 'थकल्यासारखं होतं' म्हणून हात टेकत होती. पोरीनं ते सहज बोलून टाकलं.

"तू दुपारी आडवी होतेस तेव्हा तुला असंच होतं?"

"हो गो... असंच."

अलिझानं हात लांब करून तिची बोटं धरली. आनंद झाला इफ्फतला, खोटं कशाला बोला. छातीत कधीपासून आवळलेलं काहीतरी सैल झालं. एकीला तरी कळलं, एकीला तरी! आणि त्या सैलपणातूनच ते वर आलं — राहू दे हिला असंच. लगेच बरं नको वाटू दे. अजून थोडा वेळ... उद्याचा दिवस... म्हणजे मी एकटी नाही...

या अल्ला. माझ्या पोरीसाठी मी हे मागितलं?

"संध्याकाळी मग्रिबची अजान झाली की हे जाईल ना, मम्मी?"

"जाईल. पाणी प्यायलीस की लगेच जाईल."

"मग तुझंपण जाईल. तुझापण रोजा आहे ना."

गोळी चढू लागली होती; छाती धडधडत होती, आता उठता आलं असतं, सारण राहिलं होतं. ती उठली नाही. पोरीच्या मुठीतली बोटंही तिनं सोडवून घेतली नाहीत. अजानला अजून पाच तास होते, आणि ती लवकर होऊ नये असं म्हणणारं आतलं कुणीतरी काही केल्या गप्प बसत नव्हतं.