पेराएवढ्या नळ्या

"या टोपीनं डोकं नुसतं खाजतंय बाई," उझ्मा माझ्या कानाशी पुटपुटली.

"खाजवू नकोस. केस पडला तर हाही माल परत येईल," मी म्हणाले.

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात करंगळीच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या बनतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात रोगजंतूंचा माग काढतात, म्हणून आत आपला अंशही जाता कामा नये. गेल्या आठवड्यात एक लॉट परत आला. कोऱ्या नळ्यांत माणसाचा डीएनए सापडला होता.

आठ दिवस आम्ही हवेच्या फिल्टरला, खोक्यांना, अगदी टेम्पोवाल्यालाही दोष दिला. झाकणं चाचपून बघताना हातमोजा कोण काढतं, हे मात्र कुणी बोललं नाही. आमच्यातल्या इंदुताईंची बोटं कॅन्सरच्या औषधांनी बधिर झालेली. मोज्यातून त्यांना झाकण बसलेलं कळायचंच नाही. आम्ही बघायचो आणि पुढची पिशवी ओढायचो.

आज सुपरवायझर ज्ञानेश सर आले. "उझ्मा, तू नवीन आहेस, चूक तुझीच असणार. उद्यापासून येऊ नकोस."

उझ्मानं माझ्याकडे पाहिलं. माझे हात झाकणं चाचपत राहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

"तिला कशापायी काढताय, सायेब?" इंदुताईंनी मानसुद्धा वर केली नाही. "हातमोजा मी काढते. ह्या समद्यांना ठाऊक हाय."