एक हात आतली माती

मी एक जुना परागकण आहे. जुना म्हणजे तुमच्या पणजोबांच्या पेटीइतका जुना नव्हे, मित्रांनो. शिकलेली माणसं माझं वय तीस हजार वर्षं सांगतात आणि मी ते मान्य करतो, कारण मोजायला मला बोटं नाहीत. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं तुम्ही लोक म्हणता. माझी मूर्ती एवढी लहान की टाचणीच्या डोक्यावर माझ्यासारखे हजारभर सहज बसतील. कीर्तीचं काय ते माझी हकिगत ऐकून तुम्हीच ठरवा.

माझा जन्म पाणकणसाच्या तुऱ्यात झाला. उथळ पाण्यात उभं राहणारं, तपकिरी कणसाचं ते उंच गवत तुम्ही एखाद्या तळ्याकाठी पाहिलं असेल. आज कुरुंदा गावाच्या अलीकडे जिथे हळदीची रानं आहेत, तिथे तेव्हा मोठा डोह होता. वाऱ्याने आम्हा भावंडांना उचललं. काही फुलांवर पोचली, त्यांचं भलं झालं. मी पाण्यात पडलो आणि तळाच्या चिखलात जाऊन बसलो. वर पाणघोडे डुंबत असत. हो, पाणघोडे, आपल्याच मुलखात! दिवसभर पाण्यात पडून राहायचे आणि उन्हं उतरली की काठाचं गवत ओरबाडायचे. त्यांच्यातला एक म्हातारा त्या डोहातच मेला. त्याचा वीतभर सुळा माझ्या शेजारी चिखलात रुतला.

पुढे डोह आटला. त्यावर गाळ चढला, गाळावर काळी माती चढली. पाणघोडे या देशातून कायमचे गेले. मी मात्र राहिलो. माझं कवच आम्लातही विरघळत नाही. ओल आणि अंधार मिळाला की आम्हाला मरण नाही, ऊनवारा लागला तर मात्र आम्हीही कुजतो. त्या अंधारात मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाची वाट पाहिली नाही.

वाट पाहायची सवय मला लागली ती १९९७ साली. जवळच्या बंजारा तांड्यावरचा बाबूसिंग आपल्या शेतात विहीर खणत होता. त्याच्या आजोबांच्या काळी तांड्याची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुख पालथा घालत. बाबूसिंग शेतीत रमलेला माणूस, अंगाने आडवा आणि बोलायला गोड. तीस फुटांवर त्याच्या पहारीला काळा चिकट थर लागला. मातीचं एक मोठं ढेकूळ निघालं आणि त्यात तो सुळा. मी त्या ढेकळात नव्हतो, विहिरीच्या भिंतीत आणखी आत होतो. पण तीस हजार वर्षांत पहिल्यांदा मला माणसाचा आवाज ऐकू आला.

"भिके, हे बघ! राक्षसाचा दात घावला."

भिकाबाई त्याची बायको. तिने ढेकूळ हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. कुरुंद्याच्या शाळेतले अमृतराव गुरुजी तांड्यावरच्या पोरांना शिकवत. त्यांची मुलगी संध्या जमिनीतल्या जुन्या परागकणांवर प्रबंध लिहीत होती. बाबूसिंगने गुरुजींना निरोप धाडला. उलट निरोप आला, 'उद्या येते. सुळा मातीसकट ठेवा, धुऊ नका.'

दुसऱ्या दिवशी संध्या आली. विहिरीच्या काठावर बसून तिने बाबूसिंगला सगळं समजावलं. पाणघोडा कोरड्या रानातून लांब जाऊ शकत नाही. मग तो गोदावरीकडून इथवर आला कसा? लोक म्हणतात, दात पुरात वाहून आला असेल. पण याच मातीत पाण्यातल्या झाडांचे परागकण सापडले, तर इथे बारमाही डोह होता हे सिद्ध होईल. असे डोह एकापुढे एक सापडले की प्राणी कोणत्या वाटेने पसरले ते कळेल.

बाबूसिंग मोठ्याने हसला. "मंग त्यो बी आमच्यावानीच की! आमचा आजा सांगायचा, ओझ्याचा बैल पाण्यावर पाणी गाठत चालतो. मधला एक मुक्काम कोरडा निघाला तर गडी पुढं पाय टाकत न्हाई."

"दादा, हे कळायला मला तीन वर्षं लागली," संध्या म्हणाली आणि तिने त्याचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

मग तिने ढेकळातली माती डबीत भरली, झाकणाला मेण लावलं आणि ती गेली. माणसाला आपलं काम नीट झालंसं वाटतं ना, तसा तिचा चेहरा होता. मला तिचं तेव्हाही कौतुक वाटलं आणि आजही वाटतं. पण राग यावा अशी एक गोष्ट तिच्याकडून झाली होती. धुऊ नका, एवढंच तिने कळवलं होतं. का धुऊ नका, मातीला दुसरं काय लागता कामा नये, हे सांगायचं तिला सुचलं नव्हतं.

जवळपास तीन वर्षं तिने त्या मातीवर काम केलं. पाणकणीस सापडलं, कमळ सापडलं. आणि एके दिवशी काचपट्टीवर अंगभर काटे असलेला एक गोल कण दिसला, मग दुसरा, मग बारा. तिच्या मार्गदर्शक सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हा झेंडू आहे, संध्या. परदेशातून इकडे येऊन याला पाचशे वर्षंही झाली नाहीत. तीस हजार वर्षांपूर्वीच्या डोहात तो उगवला कसा? ही माती बाद. नवी आणा, नाहीतर हे प्रकरण काढून टाका. जूनअखेर प्रबंध द्यायचाय."

ते प्रकरण काढलं तर प्रबंधात उरत काय होतं? सहा वर्षांची मेहनत त्या एका थरावर उभी होती.

२००० सालच्या मे महिन्यात संध्या तांड्यावर आली. आल्या आल्या तिने विचारलं, "मावशी, त्या मातीवर फुलं ठेवली होती का?"

"व्हय, ठेवली व्हती ना," भिकाबाई लगेच म्हणाली. "नव्या पाण्यातून आलेली वस्तू, मोकळी कशी ठेवायची? बांधावरचा झेंडू वाहिला, हळदीकुंकू लावलं. मंग तू यायच्या टायमाला समदं पुसून काढलं. तुमच्या घरी बुद्धाचं असतंय, पूजापाठ चालत न्हाई. म्हणलं, पोरगी अवघडून जाईल."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशी गत. भिकाबाईने देवाचा मान राखला आणि पाहुणीचाही मान राखला. दोन्ही मानांच्या मध्ये माती बाटली.

संध्याच्या तोंडून निघून गेलं, "अगं मावशी, वाटोळं केलंस माझं!"

भिकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाबूसिंग खाटेवरून उठला.

"चूक आमच्या घराची. माती आमीच काढून देतो."

विहिरीला अजून दगडी बांधकाम झालं नव्हतं. आठवड्यापूर्वी अवकाळी पाऊस पडून गेला होता. बाबूसिंग काठावरून वाकून म्हणाला, "भिंत वली हाय जरा. पंधरा दिवस वाळू दिली असती तर बरं झालं असतं." संध्याने जून महिना मनात मोजला आणि ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं बाबूसिंगला बरोबर समजलं. त्याने दोर कमरेला बांधला आणि तो उतरला.

मित्रांनो, आतापर्यंतचं पुष्कळसं ऐकीव होतं, यापुढचं मात्र मी स्वतः पाहिलेलं आहे. तो माझ्यासमोर आला. कपारीत पाय रोवून त्याने खुरप्याने काळा थर खरवडला, डबी भरली आणि वर पाठवली. संध्याने माती चिमटीत घेऊन पाहिली.

"दादा, याला बाहेरची हवा लागलीय. आणखी एक हात आतली पाहिजे!"

"किती आतली?"

"एक हात. बस, तेवढंच!"

त्याने भिंतीत एक हात खोल कोनाडा पाडला. तिथेच मी होतो. त्याची बोटं मला लागली, घामेजलेली आणि गरम. पाणघोड्यांनंतर मला लागलेली ती पहिली जिवंत ऊब. त्याने मला डबीत भरलं, झाकण लावलं आणि डबीचा दोर हलवला. डबी अर्ध्यावर पोचली तेव्हा कोनाड्यावरची भिंत सुटली. मोठा आवाज झाला नाही. ओली माती बसते तशी ती बसली. कमरेचा दोर भिकाबाईने आणि धावून आलेल्या माणसांनी जीव खाऊन ओढला. तो ताणला गेला आणि तुटला. मी वर आलो आणि बाबूसिंग खाली राहिला. त्याला काढायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली.

संध्याने प्रबंध दिला नाही. ती एका गावच्या कॉलेजात शिकवायला लागली. मेण लावलेली डबी तिने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि सात वर्षं तिला हात लावला नाही. टाकूनही दिली नाही. मी पुन्हा अंधारात होतो, पण आता मला तो अंधार खायला उठे.

२००७ साली एका दुपारी भिकाबाई कॉलेजात आली. केस पांढरे झाले होते. संध्या तिला पाहून उभी राहिली आणि तिने आपली खुर्ची पुढे केली.

"भांडायला आली न्हाई मी," भिकाबाई म्हणाली. "सात वर्षं सोताला विचारून राहिले. माझा माणूस काहून उतरला? ते जे काय व्हतं, ते मला दाव."

संध्याने डबी उघडली. माती आम्लात घालून, धुऊन, गाळून आम्हाला वेगळं करायला तिला चार दिवस लागले. चार दिवस भिकाबाई संध्याच्याच घरी, आता लेकीजवळ राहणाऱ्या अमृतराव गुरुजींपाशी राहिली. पाचव्या दिवशी संध्याने मला काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. झेंडूचा एकही कण नव्हता. डोह होता, बारमाही होता, पाणघोडा इथेच राहत होता. सगळं खरं ठरलं होतं.

भिकाबाई वाकली. तिचा डोळा माझ्यावर आला, आभाळाएवढा. माझ्या अंगावरची जाळीची नक्षी, एक बारीक भोक, सगळं तिला स्पष्ट दिसत होतं. ती खूप वेळ पाहत राहिली.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच, मावशी," संध्या म्हणाली.

भिकाबाई उठली, पदराने तोंड पुसलं आणि बसस्टँडकडे निघून गेली. ती रागात होती की नाही, मला कळलं नाही. माझ्या कीर्तीचं मोजमाप मात्र त्या एका शब्दात होऊन गेलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला कुणी जपलं नाही तरी मी टिकलो. माणूस तसा टिकत नाही. कुणाकडून काम घ्याल तेव्हा त्याला त्याचं कारण पूर्ण सांगा, म्हणजे त्याच्या चांगुलपणावर चुकीचा डाग लागणार नाही. कुणी तुमच्यासाठी खाली उतरत असेल तर आधी भिंत पाहा, आणि आणखी आतलं मागण्याआधी थांबा. संध्याने त्या दिवशी नुसतं 'राहू द्या, दादा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी कुठे पळून जाणार होतो? तीस हजार वर्षं थांबलो होतो, आणखी पंधरा दिवस मला काही जड नव्हते.