रूळ उजव्या हाताला

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या झाकणातल्या काचनळीची लाल रेघ चार अंशांवर होती. ती आठच्या वर गेली, की माझ्या पोटातलं रक्त तपासणीच्या कामाचं राहत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. माझा निळा रंग विटला आहे. एक कडी तुटल्यामुळे मला स्कूटरवर रबरी पट्ट्याने बांधतात. सहा वर्षं मी बदलापूर-अंबरनाथचे रक्ताचे नमुने उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या प्रयोगशाळेत नेते आहे. पूर्वी तिथल्या प्रमुख मालिनी मॅडम म्हणायच्या, "ही पेटी कधी दगा देत नाही." आता मला पुसायचंही कुणाच्या लक्षात राहत नाही.

आठ महिन्यांपूर्वी कारखाना बंद पडल्यावर दिनानाथकाका या कामावर आले. बर्फ निगुतीने रचतात, निघताना माझ्यावर दोन थापा मारतात. पण त्यांना दिशा कळत नाहीत. मोबाइलवरचा नकाशा फिरला, की ते गोंधळतात. म्हणून त्यांनी एक नियम केला होता: प्रयोगशाळेकडे जाताना रेल्वेचे रूळ उजव्या हाताला, परतताना डाव्या. तरी चुकायचेच. मग सांगायचे, "ट्रॅफिक होता." रस्त्यात मला विचारायचे, "खरं सांगून टाकू का गं?" मला कुठलं तोंड?

त्या दिवशी दहाच्या सुमारास बदलापूर गावातल्या दवाखान्यात नर्सने सात महिन्यांच्या राजसीचं रक्त घेतलं. शीर सापडेना, चार वेळा टोचलं. तिची आई सोनिया म्हणाली, "काका, तासाभरात पोचवा हां. परत टोचायला लागलं, तर मला नाही बघवणार."

"हा गेलो न् हा पोचलो!" काका म्हणाले.

अंबरनाथला रस्ता खणला होता. हवालदाराने सगळ्यांना पुलावरून रुळांच्या पलीकडे धाडलं. पूल उतरून पुढच्या रस्त्याला लागलो, तर रूळ डाव्या हाताला! काका थबकले. "चुकलो वाटतं," असं पुटपुटत त्यांनी स्कूटर वळवली. रूळ पुन्हा उजवीकडे आले, आणि त्यांनी सुस्कारा सोडला. पण मित्रांनो, इतका वेळ माझ्या पाठीवर असलेलं ऊन आता काकांच्या तोंडावर होतं. आम्ही परत बदलापूरकडे निघालो होतो. मला कळत होतं. सांगता येत नव्हतं. रेघ सहावर गेली.

बदलापूरच्या वेशीवर पानवाला म्हणाला, "अंकल, उल्हासनगर? वो तो पीछे रह गया. उलटे आलात तुम्ही."

रेघ आठवर होती.

अकरा चाळीसला पोचलो. काउंटरवरचा समीर हसला, "काय काका, लोणावळ्याला चहा पिऊन आलात काय?"

मालिनी मॅडमनी झाकण पाहिलं. रेघ अकरावर. माझ्यात होती ती एकच, राजसीच्या रक्ताची नळी त्यांनी बाजूला ठेवली. "बाळाचं रक्त परत घ्यावं लागणार," त्या म्हणाल्या आणि वही ओढली. "ट्रॅफिकच लिहू ना?"

मित्रांनो, माझी तुटलेली कडी कुणालाही दिसते. माणसाचं काय अडतं, ते त्याने सांगितल्याशिवाय दिसत नाही. सांगणाऱ्याला हसू नका, एवढंच माझं मागणं आहे.

काकांनी माझ्यावर दोन थापा मारल्या, निघताना मारतात तशा. मग स्कूटरची चावी टेबलावर ठेवली.

"नाही मॅडम, ट्रॅफिक नव्हता. कधीच नव्हता. मला दिशाच कळत नाहीत. आजपासून गाडी दुसऱ्या कुणाला द्या. आणि राजसीच्या आईला फोन मी करतो."