बदामचा एक्का, बदामची पंजी

माझे बाबा, श्रीकृष्णराव, निवृत्त झाले आणि लगेच गाडी घेऊन आले. तेव्हापासून यवतमाळात त्यांचा दोनच गोष्टींवर विश्वास आहे: स्वतःच्या ड्रायव्हिंगवर आणि स्वतःच्या तीन पत्तीवर. दोन्ही बाबतींत त्यांना खरं काय ते सांगायची कोणाची टाप नाही.

आईला लायसन्स मिळून दोन वर्षं झाली, पण चावी काही मिळाली नाही. "तू गाडी चालवशीन अन् मी बाजूले बसीन, चांगलं दिसते का?" असं बाबा विचारत. आणि आईला तर भाऊबीजेला आर्णीला, मामाकडे, स्वतः गाडी चालवत जायचं होतं.

दिवाळीला माझा नवरा अनिमेष पोकर घेऊन आला. जावयाला नाही कसं म्हणणार? पैसे नकोत, चिंचोके लावा, असं आईने बजावलं. एका वेळी दोनच चिंचोके वाढवायचे, हेही ठरलं. हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी. त्यांतून ज्याची पाच भारी, तो जिंकला.

"आई, एक्का आला अन् सोबत त्याच रंगाचं बारकं पान असलं, तर कमी चिंचोक्यांत डावात राहायचं," अनिमेषने सांगितलं. "पण खाली दुसरा एक्का आला म्हणून हुरळायचं नाही. एका रंगाची पाच पानं जमली तरच भिडायचं. एक्का आपल्याकडे, म्हणजे त्या रंगात आपल्या वर कोणी नाही."

आईने लोणच्याचं प्रमाण ऐकावं तसं ऐकलं. बाबांनी ऐकलंच नाही. त्यांना शिकवणारा अजून जन्मायचा आहे.

"माह्या ढिगातले सगळे चिंचोके तुह्याकडे आले, तं आर्णीले तू चालव," बाबा जावयासमोर ऐटीत म्हणाले. "नाही आले, तं हा विषय बंद. कायमचा."

आईचा चेहरा क्षणभर उतरला, पण ती "बरं" म्हणाली. मला बाबांचा असा राग आला होता!

बाबा तीन पत्तीसारखे दामटून खेळू लागले. पण दोन चिंचोक्यांना कोण घाबरतं? मी आणि अनिमेष कसलीही पानं घेऊन डावात राहायचो, आणि बाबांच्या थापा उघड्या पडायच्या. "तुमाले भीती कशी वाटत नाही?" ते चिडून विचारत. आई मात्र डावामागून डाव पानं टाकत होती. एकदा तिच्याकडे एक्का होता आणि खालीही एक्का आला. तेवढ्यात बाबा म्हणाले, "शीला, जरा चहा टाक." आईने मुकाट पानं टाकली. बाबांकडे एक्का आणि राजा निघाला. चांगली पानं आली की या माणसाला चहा लागतो, हे तिला लग्नापासून ठाऊक असणार.

दुपार कलली तेव्हा खाली बदामची सत्ती, बदामचा गुलाम आणि इस्पिकची दुर्री पडली. मग किलवरची नव्वी. शेवटी बदामची तिर्री.

"शीला, चहा," बाबा म्हणाले.

मी आणि अनिमेषने झटक्यात पानं टाकली. आई हलली नाही.

"हा डाव होऊ द्या. दोन वाढवले."

"अजून दोन," बाबा म्हणाले.

"अजून दोन."

दोघंच उरले की कितीदाही वाढवता येतं, असा नियम अनिमेषने सांगितला, तेव्हा बाबा खुशीत हसले. दोन-दोन करत त्यांचा अख्खा ढीग मध्ये सरकला. एकदम सगळा लावायचा असता तर ते थबकले असते. दोनाला काय थबकायचं! शेवटचे दोन टाकून त्यांनी बदामचा राजा आणि राणी आपटली.

"रंग! घे!"

आईने बदामची पंजी ठेवली. मग हळूच एक्का.

बाबांनी तो एक्का उचलून उलटसुलट करून पाहिला. मी टाळ्या पिटल्या, अगदी निर्लज्जपणे.

भाऊबीजेला सकाळी बाबांनी आईच्या हातावर चावी ठेवली आणि तोंड पाडून बाजूला बसले. मी आणि अनिमेष मागे. आमचं फाटक इतकं अरुंद की बाबांना तिथे पाच-सहा वेळा पुढेमागे करावं लागतं. आईने एका झटक्यात गाडी उलटी बाहेर काढली.

"हे कधी शिकली तू?" बाबांनी विचारलं.

"तुमी दुपारी झोपता ना."

"म्हंजे? मले न सांगता नेत होती?"

"गाडी तं मी चालवतच होती," आई आरशात बघत म्हणाली. "भावाकडे जाताना तुमी बाजूले पाह्यजे होते."

समोरून शेजारचे बाबाराव दूध घेऊन येत होते. आता बाबा मान खाली घालणार, असं मला वाटलं. त्यांनी काच खाली केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"ओ बाबाराव! इकडे पाहा ना! आमची शीला गाडी चालवून राह्यली!"